बेरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतरची वजनवाढ

बेरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतरची वजनवाढ म्हणजे लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेने कमी झालेले वजन काही वर्षांनी अंशतः, आणि क्वचित संपूर्णपणे, परत येणे होय. शस्त्रक्रियेनंतर साधारणपणे एक ते दोन वर्षांत वजन सर्वांत खाली येते; त्यानंतर बहुतेक रुग्णांचे वजन थोडेफार वाढते. ही वाढ काही किलोंवर थांबली तर ती अपेक्षित मानली जाते. ती चालूच राहिली, किंवा तिच्यासोबत मधुमेह, उच्च रक्तदाब, झोपेतील श्वसनरोध यांसारखे आजार परतू लागले, तर उपचारांची गरज भासते.

लठ्ठपणा हा दीर्घकाळ चालणारा व पुन्हा उलटणारा आजार आहे, असे आजचे वैद्यकशास्त्र मानते. त्यामुळे अशा वाढीला पूर्वी सर्रास वापरला जाणारा 'अपयश' हा शब्द आता टाळला जातो व 'वजनवाढीची पुनरावृत्ती' अशा अर्थाची संज्ञा वापरली जाते. हा बदल केवळ शिष्टाचाराचा नाही. वजन वाढल्याची लाज वाटून रुग्ण तपासणीला जाणे थांबवतो आणि त्यामुळे सहज आटोक्यात येऊ शकणारी वाढ बळावते, हा या विषयातला नेहमीचा अनुभव आहे.

पार्श्वभूमी

वजन घटवण्यासाठी आतड्यावर शस्त्रक्रिया करण्याचे प्रयोग १९५० च्या दशकात अमेरिकेत सुरू झाले. लहान आतड्याचा मोठा भाग वगळणाऱ्या त्या शस्त्रक्रियेने वजन उतरत असे, परंतु यकृताचे व कुपोषणाचे गंभीर विकार उद्भवत, म्हणून ती मागे पडली. आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी १९६० च्या दशकात गॅस्ट्रिक बायपास ही पद्धत मांडली. तिच्या आजच्या रूपात जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरची छोटी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी ठेवणारी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी ही मुळात एका मोठ्या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा होती. पुढे ती स्वतंत्रपणे होऊ लागली आणि आज जगात व भारतात सर्वाधिक केली जाणारी बेरिॲट्रिक शस्त्रक्रिया बनली. जठराभोवती पट्टा बसवण्याची पद्धत २००० च्या दशकात लोकप्रिय होती. वजन परत येणे व पट्टा सरकणे या तक्रारींमुळे तिचा वापर बराच घटला आहे.

या शस्त्रक्रिया केवळ जठराचा आकार लहान करतात, ही समजूत अपुरी आहे. जठराच्या वरच्या फुगीर भागात घ्रेलिन हे भूक वाढवणारे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर तयार होते. स्लीव्हमध्ये तोच भाग काढला जातो. बायपासनंतर अन्न लहान आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोहोचते आणि जीएलपी-१ व पीवायवाय ही तृप्तीची जाणीव देणारी संप्रेरके जेवणानंतर अधिक स्रवतात. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात अनेक रुग्णांना भूक जवळजवळ लागतच नाही, ती या बदलांमुळे. पुढे भूक परत येते. रुग्णाला ही गोष्ट आधी सांगितलेली नसेल तर आपलाच निश्चय ढिला पडला, असा अर्थ तो काढतो.

व्याख्या आणि मोजमाप

किती वाढ झाली म्हणजे ती आजाराची पुनरावृत्ती मानावी, यावर दीर्घकाळ एकमत नव्हते. एकाच व्यक्तीचे वजन वेगवेगळ्या मापांनी मोजले की चित्र किती बदलते, हे एका काल्पनिक उदाहरणावरून दिसते. १६० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचे वजन शस्त्रक्रियेपूर्वी १२० किलो होते, दोन वर्षांनी ते ८० किलोवर आले आणि सातव्या वर्षी ९२ किलो झाले, असे समजू. वाढ १२ किलोंची आहे. मूळ वजनाच्या तुलनेत ती १० टक्के, सर्वांत कमी वजनाच्या तुलनेत १५ टक्के आणि घटलेल्या ४० किलोंच्या तुलनेत ३० टक्के भरते. शरीरभार निर्देशांक म्हणजे बीएमआय ४६.९ वरून ३१.३ वर उतरून पुन्हा ३५.९ झालेला असतो. जुन्या पद्धतीनुसार बीएमआय २५ च्या वरचे वजन 'अतिरिक्त' धरले, तर या स्त्रीचे अतिरिक्त वजन ५६ किलो होते व त्यातील निम्मे अजूनही घटलेले आहे. तरीही ती स्वतःकडे १२ किलो वाढलेली व्यक्ती म्हणून पाहते. २८ किलो कमी असलेली व्यक्ती म्हणून क्वचितच पाहते.

अमेरिकेतील लॅब्स-२ या बहुकेंद्री अभ्यासात बायपास झालेल्या १,४०६ जणांच्या नोंदी वापरून ही मापे एकमेकांशी ताडून पाहण्यात आली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, घटलेल्या वजनापैकी किती टक्के परत आले हे माप मधुमेह, रक्तदाब व जीवनमान यांतील बिघाडाशी सर्वांत चांगले जुळते. लठ्ठपणावरील शस्त्रक्रियांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने (इफ्सो) २०२४ च्या सहमतीपत्रात याच मापाचा आधार घेतला असून, शस्त्रक्रियेने घटलेल्या वजनापैकी ३० टक्क्यांहून अधिक वजन परत येणे किंवा लठ्ठपणाशी निगडित आजार बळावणे, याला उशिराने झालेला बिघाड म्हटले आहे. वरील उदाहरणातील स्त्री नेमकी या सीमेवर उभी आहे. सुरुवातीलाच एकूण वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी घट होणे ही वेगळी स्थिती असून तिची कारणे व उपचार पुष्कळदा वेगळे असतात.

प्रमाण

या विषयातील सर्वांत दीर्घ पाठपुरावा स्वीडनमधील एसओएस अभ्यासाने केला आहे. लार्स स्योस्ट्रम यांच्या नेतृत्वाखाली १९८७ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले २,०१० आणि नेहमीचे उपचार घेणारे २,०३७ जण होते. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के घटले व दहाव्या वर्षी ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. पट्टा बसवलेल्यांत हेच आकडे २० व १४ टक्के होते. अमेरिकेतील युटा राज्यातल्या बायपास रुग्णांच्या १२ वर्षांच्या अभ्यासात सरासरी घट दुसऱ्या वर्षी ४५ किलो, सहाव्या वर्षी ३६.३ किलो व बाराव्या वर्षी ३५ किलो आढळली. म्हणजे बहुतेक वाढ दुसऱ्या ते सहाव्या वर्षांच्या दरम्यान झाली आणि नंतरची सहा वर्षे वजन जवळजवळ जागेवर राहिले. लॅब्स-२ मध्ये वजन तळाला पोहोचल्यानंतरच्या पाच वर्षांत परत आलेल्या वजनाचा मध्यांक घटलेल्या वजनाच्या २६.८ टक्के होता. निम्म्या लोकांत तो याहून अधिक होता.

फिनलंडमधील स्लीव्हपास या २४० रुग्णांच्या चाचणीत दहा वर्षांनंतर अतिरिक्त वजनातील घट स्लीव्ह गटात ४३.५ टक्के, तर बायपास गटात ५१.९ टक्के होती.

सरासरीच्या आड मोठी विविधता लपलेली असते. काहींचे वजन पंधरा वर्षे हलत नाही, काहींचे तिसऱ्या वर्षापासूनच वेगाने चढते. वजन परत वाढले तरी शस्त्रक्रियेचा सगळा लाभ वाया जातो, असे मात्र नाही. एसओएस अभ्यासातील शस्त्रक्रिया गटाचे आयुर्मान, त्यातील अनेकांचे वजन काही अंशी परत येऊनही, तुलना गटापेक्षा सुमारे तीन वर्षांनी अधिक आढळले. सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा ते तरीही साडेपाच वर्षांनी कमी होते.

कारणे

वजन घटले की शरीर ते परत मिळवण्याचा प्रयत्न करते. हा प्रतिकार शस्त्रक्रियेपुरता मर्यादित नाही. ऑस्ट्रेलियात ५० जणांना दहा आठवड्यांच्या कडक आहाराने वजन उतरवायला लावून केलेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वर्ष उलटल्यावरही भूक वाढवणारी संप्रेरके चढलेली व तृप्ती देणारी उतरलेली आढळली. 'द बिगेस्ट लूझर' या अमेरिकी दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा बहुतेकांचे वजन बरेचसे परत आले होते. तरी विश्रांतीच्या स्थितीत त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा दररोज सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करीत होते. चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक वजनासोबत घटते आणि मेंदू त्याचा अर्थ उपासमार असा लावतो. बेरिॲट्रिक शस्त्रक्रिया हा प्रतिकार बऱ्याच अंशी दाबते, म्हणूनच तिचा परिणाम केवळ आहाराच्या परिणामापेक्षा टिकाऊ असतो. ती त्याला पुरते संपवत नाही. ज्यांच्यात जेवणानंतर जीएलपी-१ पुरेसे वाढत नाही, त्यांच्यात शस्त्रक्रियेचा परिणामही कमी दिसतो.

शरीररचनेतील बदल हे दुसरे कारण. बायपासमध्ये पिशवी व आतडे यांच्यामधला जोड कालांतराने रुंदावतो, त्यामुळे अन्न लवकर पुढे सरकते व पोट भरल्याची जाणीव टिकत नाही. क्वचित पिशवी व वगळलेले जठर यांच्यात वाट तयार होते. स्लीव्हची नळी सैल होते किंवा वरचा फुगीर भाग पहिल्याच वेळी थोडा शिल्लक राहिलेला असतो. 'जास्त खाल्ल्याने पोट ताणले गेले' असे रुग्णाला अनेकदा ऐकवले जाते. प्रत्यक्षात काही प्रमाणात प्रसरण बहुतेकांत होते आणि एकट्या त्यावरून कोणाचे वजन किती वाढेल हे सांगता येत नाही.

आहाराच्या बाबतीत प्रमाणाइतकेच पदार्थाचे रूपही महत्त्वाचे ठरते. लहान झालेल्या जठरात भाकरी, मोड आलेल्या कडधान्याची उसळ किंवा मांस हळूहळू व थोडेच मावते. चिवडा, शेव, बिस्किटे, आइस्क्रीम, साखरेचा चहा आणि फळांचे रस मात्र विनासायास उतरतात आणि दोन तासांनी पुन्हा खाता येतात. दिवसभर थोडे थोडे, ठरवून न घेता, तोंडात टाकत राहण्याची ही सवय वजनवाढीशी सातत्याने जोडलेली आढळते. बायपासनंतर साखरेचे पदार्थ खाल्ल्यावर घाम, धडधड व जुलाब होतात. याला डंपिंग म्हणतात. हा अटकाव अनेकांत कालांतराने सौम्य होतो. काहींच्या रक्तातील साखर जेवणानंतर दीड-दोन तासांनी फार खाली जाते, हात कापू लागतात आणि ते गोड खाऊन ती सावरतात. अशा रुग्णाला 'गोड सोडा' एवढेच सांगून भागत नाही, कारण मुळात त्याच्या साखरेच्या पातळीवर उपचार हवा असतो.

औषधांकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. इन्सुलिन व सल्फोनिलयुरिया गटातील मधुमेहाची औषधे, स्टेरॉइड, काही मनोविकारविरोधी व नैराश्यविरोधी औषधे, व्हॅल्प्रोएट आणि काही बीटा-ब्लॉकर वजन वाढवू शकतात. थायरॉइडची कमतरता, गुडघेदुखीमुळे सुटलेले चालणे, रात्रपाळीची नोकरी, अपुरी झोप, गर्भारपण व रजोनिवृत्ती यांचाही वाटा असतो. मद्याचा उल्लेख स्वतंत्रपणे करावा लागतो. बायपासनंतर ते रक्तात लवकर व अधिक तीव्रतेने चढते, त्याच्या कॅलरी जठराच्या आकाराला जुमानत नाहीत, आणि लॅब्स-२ मध्ये मद्यपानाच्या विकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वीच्या ७.६ टक्क्यांवरून दुसऱ्या वर्षी ९.६ टक्क्यांवर गेलेले आढळले.

मानसिक व सामाजिक बाजू

वजन उतरल्यावर व्यक्तीकडे पाहण्याची इतरांची दृष्टी बदलते. कपडे, छायाचित्रे, लग्नसमारंभातील कौतुक, कामाच्या ठिकाणची वागणूक यांतून नवी ओळख घडते. वजन परत येऊ लागले की ही ओळख हातातून निसटत असल्याची भावना येते, आणि ती पहिल्या लठ्ठपणापेक्षा अधिक बोचते, कारण या वेळी 'शेवटचा उपाय' करून झालेला असतो. खर्च कुटुंबाने उचललेला असल्यास अपराधी भाव वाढतो. 'एवढे ऑपरेशन करूनही' अशी सुरुवात असलेली वाक्ये नातेवाइकांकडून ऐकावी लागतात. डॉक्टरांकडूनही कधी कधी ऐकावी लागतात.

याचा परिणाम थेट उपचारांवर होतो. वजनकाट्यावर उभे राहण्याच्या भीतीने रुग्ण वार्षिक तपासणी टाळतो. त्यासोबत रक्ततपासण्या चुकतात आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्याही थांबतात. बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम व थायमिन यांची कमतरता वजन वाढलेल्या व्यक्तीतही असू शकते, हे घरच्यांना पटत नाही. वजन ८० वरून ९२ झालेल्या माणसाचे कुपोषण डोळ्यांना दिसत नाही.

भावनिक ताणाखाली खाणे, खाण्यावरचा ताबा सुटल्याची जाणीव आणि नैराश्य यांचा वजनवाढीशी दुहेरी संबंध असतो. ते वाढीचे कारणही असतात व परिणामही. बेरिॲट्रिक शस्त्रक्रिया झालेल्यांत स्वतःला इजा करून घेण्याचे व आत्महत्येचे प्रमाण तुलनेने अधिक असल्याचे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. म्हणून वजनवाढीच्या तक्रारीसह आलेल्या रुग्णाच्या मनःस्थितीची थेट विचारपूस करणे हा तपासणीचा भाग मानला जातो. खाण्याच्या विकारांवर संज्ञानात्मक वर्तन उपचार उपयुक्त ठरतात. भारतात ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस या शासकीय सेवेत १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भाषांत मोफत समुपदेशन मिळते.

तपासणी

पहिली पायरी म्हणजे आलेख मांडणे: शस्त्रक्रियेपूर्वीचे, सर्वांत कमी आणि आजचे वजन, व वाढ केव्हा सुरू झाली त्याची तारीख. अचानक झालेली वाढ नवे औषध, आजार, आयुष्यातील आघात किंवा शरीररचनेतील बिघाड सुचवते. वर्षाला दोन-तीन किलोंची संथ वाढ बहुधा शरीराच्या प्रतिकाराची व बदललेल्या सवयींची असते. सूज येऊन वाढलेले वजन वेगळे काढावे लागते. त्यानंतर सर्व औषधांची यादी, आठवड्याचा प्रत्यक्ष आहार, झोप, मद्यपान व हालचाल यांची माहिती घेतली जाते. रक्तातील तीन महिन्यांची सरासरी साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, जीवनसत्त्वे व प्रथिने तपासतात. पोट भरल्याची जाणीवच नाहीशी झाली असेल, जळजळ किंवा उलट्या होत असतील, तर एंडोस्कोपी आणि बेरियमसारखे द्रव्य पाजून घेतलेली क्ष-किरण तपासणी करतात. जुन्या शस्त्रक्रियेचा लेखी अहवाल या वेळी फार उपयोगी पडतो. कोणती पद्धत केली होती व आतड्याचा किती भाग वगळला होता, हे अनेक रुग्णांना नेमके सांगता येत नाही.

उपचार

उपचार जितके लवकर सुरू होतील तितके सोपे असतात. पाच किलो वाढल्यावर आलेल्या व्यक्तीसमोर जे पर्याय असतात ते तीस किलो वाढल्यावर अपुरे पडतात. तळाच्या वजनापेक्षा पाच किलोंची वाढ हा भेट घेण्याचा इशारा मानावा, असे काही केंद्रे रुग्णाला शस्त्रक्रियेच्या वेळीच सांगून ठेवतात.

आहार व हालचाल. शस्त्रक्रियेनंतरच्या द्रव आहाराकडे परत जाऊन 'पोट पुन्हा लहान करण्याचे' उपाय समाजमाध्यमांवर पुष्कळ सुचवले जातात. चार-पाच दिवसांच्या द्रव आहाराने जठर आकसत नाही. उतरते ते मुख्यतः पाणी, आणि नंतर भूक अधिक जोराने परतते. आहारतज्ज्ञांचा भर जेवणाच्या ठरलेल्या वेळा, प्रत्येक जेवणात आधी प्रथिने, मग भाज्या व शेवटी पोळी-भात, आणि कॅलरी असलेली पेये थांबवणे यांवर असतो. प्रथिनांचे लक्ष्य दिवसाला किमान ६० ग्रॅम असते. शाकाहारी घरात हे साधणे कठीण जाते. वाटीभर पातळ वरणातून जेमतेम काही ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणून घट्ट डाळ, उसळ, पनीर, सोयाबीन, दही आणि गरजेनुसार प्रथिनांची पूड यांची जोड लागते. उपवासाचा दिवस ही महाराष्ट्रातील एक खास अडचण आहे. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस व रताळी यांत पिष्ट पुष्कळ व प्रथिने थोडी. त्याऐवजी दही, ताक, पनीर, राजगिरा व मोजके शेंगदाणे सुचवले जातात, आणि मधुमेहाची औषधे चालू असल्यास उपवास वैद्यकीय सल्ल्यानेच करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम व्यायामाची शिफारस करते. स्नायूंना ताकद देणारे व्यायाम येथे विशेष महत्त्वाचे, कारण वेगाने वजन घटताना चरबीसोबत स्नायूही घटलेले असतात. एकट्या व्यायामाने परत आलेले वजन फारसे उतरत नाही. पुढची वाढ रोखायला व साखर ताब्यात ठेवायला मात्र त्याची मदत होते.

औषधे. गेल्या दशकात या क्षेत्रात सर्वांत मोठा बदल औषधांनी घडवला. लंडनमध्ये झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॅरी-ऑप्टिमाइझ चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर अपेक्षित वजन न घटलेल्या ७० जणांना २४ आठवडे लिराग्लुटाइड किंवा निष्क्रिय औषध देण्यात आले. लिराग्लुटाइड गटाचे वजन सरासरी ८.८ टक्के, तर दुसऱ्या गटाचे ०.५ टक्के घटले. सेमाग्लुटाइड व टिर्झेपॅटाइड ही आठवड्यातून एकदा टोचून घ्यायची औषधे त्याहून प्रभावी आहेत. त्यांच्या मूळ मोठ्या चाचण्यांत बेरिॲट्रिक शस्त्रक्रिया झालेल्यांना साधारणपणे वगळले होते, त्यामुळे या रुग्णांसाठीचा पुरावा बव्हंशी लहान अभ्यासांतून व रुग्णालयीन नोंदींतून आला आहे. ही औषधे थांबवली की वजन परत वाढते. सेमाग्लुटाइडच्या एका प्रमुख चाचणीत, औषध बंद केल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत आला. मळमळ, उलट्या व बद्धकोष्ठता हे दुष्परिणाम नेहमीचे. आधीच कमी खाणाऱ्या रुग्णात दीर्घकाळ उलट्या झाल्यास थायमिनची धोकादायक कमतरता होऊ शकते.

एंडोस्कोपी. रुंदावलेला जोड तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीतून टाके घालून किंवा आर्गॉन वायूच्या साहाय्याने ऊतक भाजून अरुंद करता येतो. पोटावर छेद घ्यावा लागत नाही. बनावट प्रक्रियेशी तुलना करणाऱ्या २०१३ च्या एका चाचणीत, वरवरच्या टाक्यांनी सहा महिन्यांत ३.५ टक्के, तर बनावट गटात ०.४ टक्के घट दिसली. आजचे टाके खोलवर जातात व त्यांचे परिणाम अधिक चांगले आहेत.

पुनर्शस्त्रक्रिया. स्लीव्हचे बायपासमध्ये रूपांतर हा सर्वाधिक वापरला जाणारा पर्याय आहे. स्लीव्हनंतर तीव्र जळजळीचा त्रास असलेल्यांना त्याचा दुहेरी लाभ होतो. पट्टा काढून स्लीव्ह किंवा बायपास करता येतो. मूळ बायपास झाला असल्यास आतड्याचा आणखी भाग वगळता येतो, परंतु त्यातून प्रथिनांचे गंभीर कुपोषण, सततचे जुलाब व हाडांची झीज होण्याची शक्यता बरीच वाढते. दुसऱ्या वेळी ऊतके चिकटलेली असतात, गळतीचा व रक्तस्रावाचा धोका पहिल्यापेक्षा अधिक असतो आणि वजनातील घट बहुधा पहिल्या वेळेपेक्षा कमी असते. रचनेत दोष सापडला नसेल तर अनेक शल्यचिकित्सक आधी औषधांचा पर्याय वापरून पाहतात.

भारतातील स्थिती

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील २४ टक्के स्त्रिया व २२.९ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. बीएमआय २५ व त्याहून अधिक, हा त्यासाठीचा निकष होता. भारतीयांत कमी वजनावरच चरबीचे प्रमाण अधिक असते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने ठळकपणे पुढे आणले. २००४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये त्यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबतचे स्वतःचे छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचा बीएमआय २२.३ हाच होता; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होती. याच कारणाने आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेची मर्यादा २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत बीएमआय २७.५ पर्यंत खाली आणली आहे. भारतीय रुग्णात सात-आठ किलोंची वाढ 'किरकोळ' म्हणून सोडून देण्याआधी साखर तपासावी लागते, तीही यामुळेच.

विमा नियामकाच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आरोग्य विम्यात लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेसाठी बीएमआय किमान ४०, किंवा हृदयविकार, तीव्र श्वसनरोध वा अनियंत्रित मधुमेह यांसारखा गंभीर आजार असल्यास किमान ३५, ही अट आहे. वजन परत वाढून ३३ वर आलेली व मधुमेह उलटलेली व्यक्ती वैद्यकीय शिफारशींत बसते, पण या अटींत बसत नाही. टिर्झेपॅटाइड आणि लठ्ठपणासाठीचे सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन २०२५ मध्ये भारतीय बाजारात आले. औषध वर्षानुवर्षे चालू ठेवावे लागत असल्याने दरमहा खर्चाचा प्रश्न बहुतेक कुटुंबांत औषधाच्या गुणाआधी विचारला जातो.

शस्त्रक्रिया करणारी केंद्रे मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत एकवटलेली आहेत. लांबच्या तालुक्यातून आलेला रुग्ण पहिले वर्ष नियमित येतो आणि पुढे प्रवासाचा खर्च, रजा व 'आता बरे आहे' ही भावना यांमुळे येणे सोडतो. वजन वाढण्याची शक्यता सर्वाधिक असते ती वर्षे नेमकी हीच. केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केल्यापासून दूरध्वनी व चित्रफितीद्वारे सल्ला घेण्याला अधिकृत चौकट मिळाली आहे. वार्षिक रक्ततपासणी गावाजवळच्या प्रयोगशाळेत करून तिचा अहवाल पाठवता येतो. आहारतज्ज्ञाशी मराठीतून फोनवर बोलता येते, आणि मूळ शल्यचिकित्सक उपलब्ध नसल्यास दुसऱ्या केंद्राला जुना अहवाल दाखवून पाठपुरावा पुन्हा सुरू करता येतो.